मिस्त्री आणि बुंदी

मिस्त्रींचे हात पाहिले, की या माणसाकडे नाजूक काही देऊ नये असंच कुणालाही वाटलं असतं. आळेफाट्यावर जन्मभर ट्रकची इंजिनं उघडून त्यांची बोटं जाड आणि खरबरीत झाली होती. माझी बुंदी मात्र त्याच हातांत बिनघोर झोपायची. मला ते बघवायचं नाही.

बुंदी हे चिवावा जातीच्या कुत्र्याचं पिल्लू, किलोभरही नसेल. मी शाळेतून निवृत्त झाले तेव्हा लेकीनं ते पुण्याहून आणून दिलं. पहिल्याच दिवशी मी तिला पुढच्या पायांना धरून उचललं, तसे शेजारच्या गॅरेजमधून मिस्त्री ओरडत आले. "बाई, खाली ठेवा! खांदा निखळंल तिचा!" मग जमिनीवर मांडी घालून त्यांनी एक हात तिच्या छातीखाली, दुसरा बुडाखाली घातला आणि तिला पोटाशी धरलं. "असं धरायचं. आन् खाली बसूनच घ्यायची. आपल्या कंबरेवरनं पडली, तर तिला ते माडीवरनं पडल्यासारखं."

त्यांनी कधी कुत्रं पाळलेलं नव्हतं. ते जनावरांच्या डॉक्टरांना गाठून बारीकसारीक विचारून यायचे. "इंजिन असू द्या न्हाईतर जीव, आधी इचारायचं, मंग हात लावायचा," म्हणायचे. गळ्यातला पट्टा काढून त्यांनी मऊ कापडाचा छातीपट्टा शिवला. खाणं थोडं थोडं, दिवसातून चारदा द्यायला लावलं.

शिकवतानाही आवाज कधी चढला नाही. "बस," ते जवळजवळ कुजबुजायचे आणि बुंदी बसायची. साठ पोरांचा वर्ग माझ्या एका शब्दावर गप्प बसत असे, पण ही मूठभर कुत्री माझं ऐकेना. मिस्त्रींचा खोकला ऐकू आला, तरी माझ्या हातातला घास टाकून फाटकाकडे पळायची.

शेवटी मी फाटकाला कडी घातली. "ऊन लागतंय तिला," असं मिस्त्रींना सांगितलं आणि बुंदीला दिवाणावर माझ्याजवळ बसवू लागले. उंचावर ठेवू नका, असं त्यांनी दहादा बजावलं होतं. एका दुपारी रस्त्यावर त्यांचा आवाज आला आणि बुंदीनं दिवाणावरून उडी मारली. पुढचा पाय मोडला.

ती किंचाळत राहिली. मी मिस्त्रींनाच हाक मारली. त्यांनी बुटांच्या खोक्यात टॉवेल अंथरला, तिला अलगद त्यात ठेवलं आणि आम्ही डॉक्टरांकडे गेलो. प्लॅस्टर घालेपर्यंत त्यांचा तळवा तिच्या डोक्याखाली होता. आता हे मला बोलतील, म्हणून मी वाट पाहत होते. ते एवढंच म्हणाले, "जुळंल हाड. रडू नका बाई, ती तुमच्याकडं बघतीय."

पाय बरा होईपर्यंत ते रोज येत राहिले. प्लॅस्टर निघालं आणि त्यांनी येणं एकदम थांबवलं. बोलावलं तर म्हणायचे, "लई काम हाय." फाटकावरून जाताना मान वर करायचे नाहीत. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. बुंदी दोन दिवस फाटकाशी बसून राहिली. तिसऱ्या दिवशी माझ्या पायाशी आली. मी त्यांच्यासारखंच हळू "बस" म्हटलं आणि ती बसली.

आठ दिवसांनी गॅरेजला कुलूप दिसलं. समोरच्या हॉटेलवाल्या मावशी म्हणाल्या, "मिस्त्री गेले की लेकीकडं सिन्नरला, कायमचे. तुमाला निरोप हाय. म्हणले, मी मुद्दाम येत नव्हतो. एकदम गेलो असतो तर पिल्लानं खाणं सोडलं असतं, आन् एवढ्याशा जिवाला उपास झेपत न्हाई. म्हणून हितं असतानाच सवय मोडली; खाल्लं नसतं, तर लगेच धावत आलो असतो. आता तिला बाईंची सवय झाली."

आठ दिवस पंधरा पावलांवर राहून त्यांनी तिला एक हाक मारली नाही.

आता बुंदी माझ्याच मांडीत झोपते, माझंच ऐकते. तरी मिस्त्रींचा हेवा अजून वाटतो, तो त्या आठ दिवसांचा. मला ते जमलं नसतं.