मापासाठी उभी

१३ फेब्रुवारी २०२५, गुरुवार. दूध उशिरा आले. मथुराबाईंचा खाडा, भांडी मीच घासली. सौमित्रचा फोन : रविवारी चित्र न्यायला येतो, हिंजवडीच्या नव्या घरात खिळा ठोकून ठेवला आहे. दुपारी चित्रातली झाडे काढून टाकली. आता खडक, आकाश आणि मी.

एवढं लिहून श्यामलाबाईंनी पेनाला टोपण लावलं आणि खुर्चीतूनच चित्राकडे पाहिलं. उठायचा कंटाळा आला होता. हल्ली सगळ्याचाच येई.

खडक बाडमेरकडच्या वाळवंटातला. श्रीधरपंत भूजल खात्यात होते, लग्नानंतरची पहिली वर्षं तिकडेच गेली. ते खडकांचे फोटो काढत. भूगर्भवाल्यांना नुसत्या खडकाचा फोटो चालत नाही. शेजारी ओळखीच्या मापाचं काहीतरी लागतं, नाहीतर तो डोंगर की ढेकूळ, कळायचं कसं? एरवी ते हातोडी ठेवत. पण हा खडक अवाढव्य, वाऱ्याने पायाशी कोरलेला, वर रुंद.

"हातोडी पुरायची नाही. तू उभी राहा."

मे महिना. सौमित्र पोटात. खडकाची सावली पाठीमागे दोन पावलांवर होती.

"अहो, जरा बसू का?"

"बसलीस तर माप चुकेल गं. झालंच."

ते काही लवकर झालं नाही. फोटोच्या मागे त्यांनी सुवाच्य अक्षरात जागा, दिशा आणि 'मापासाठी : श्यामला' असं लिहून ठेवलं. माणूस वाईट नव्हता. कामात असला की असाच.

ते गेल्यावर बाई स्वारगेटजवळ निशाच्या चित्रकलेच्या वर्गाला जाऊ लागल्या. पहिल्या चित्रात त्यांनी फोटोतलं सगळं उतरवलं: प्रत्येक भेग, खेजडीची झाडं, शेळ्या, जीपच्या चाकांचे माग. काही गाळायचं नाही, हे शाळेत सिस्टरांनी हाडीमाशी भिनवलेलं.

निशाने चष्मा वर केला. "काकू, हे चित्र आहे की वाणसामानाची यादी? डोळे अर्धे मिटा. उरेल तेवढंच ठेवा."

मग तोच खडक त्या पुन्हा पुन्हा रंगवत राहिल्या. शेळ्या गेल्या, माग गेले, भेगा गेल्या. आकाशाचा एक सपाट पट्टा झाला, खडकाचे तीन रंग उरले. पण डोळे कितीही मिटले तरी पायथ्याशी लाल पातळाचा ठिपका दिसतच राही आणि नजर तिथेच अडके.

"ती बाई काढून टाका," निशा म्हणाली होती.

"बाईला ठेव हां," सौमित्रने फोनवर बजावलं होतं. "तुझ्याशिवाय नुसता दगड कशाला लावू?"

शनिवारी दुपारी त्या चित्रासमोर बसल्या. गुडघा ठणकत होता. ठिपक्याकडे बघताना तळपायांना तापलेली वाळू जशीच्या तशी आठवली. लेक नाराज होईल, हे कळत होतं. आणि ही बाई इतकी वर्षं उन्हात ताटकळते आहे, हेही. त्यांनी ब्रश खडकाच्या रंगात नाही, सावलीच्या जांभळटात बुडवला. दोनच फटकारे पुरले. मग हात धुऊन त्या गाढ झोपल्या.

रविवारी सौमित्र आला. बूट न काढताच चित्रासमोर उभा राहिला.

"आई, तू कुठे गेलीस?"

"सावलीत."

"आता हा केवढा आहे, ते कसं कळणार?"

"नाही कळत. डोंगर म्हण, ढेकूळ म्हण. भिंत तुझी आहे."

त्याने खडकाच्या पायथ्याशी बोट ठेवलं. "मीपण होतो त्यात," म्हणाला.

"होतास की. तू आरामात होतास. उभी मी होते."

तो हसला नाही. बाईंनाही वाटलं, हे जरा जास्तच झालं. पण शब्द मागे घ्यायचं बळ नव्हतं, आणि तो खोटाही नव्हता.

"मग तो फोटो तरी दे," सौमित्र म्हणाला.

त्यांनी कपाटातून काढून दिला. त्याने तो उलटा करून बापाचं अक्षर वाचलं, पुन्हा सुलटा केला, आणि त्या लाल ठिपक्यावर अंगठा ठेवून बराच वेळ बघत राहिला.

"किती ऊन आहे गं इथे," तो म्हणाला.

"हो ना."

जेवायला थांबला नाही. वाकडपर्यंत गाड्या तुंबतात म्हणाला. जिन्यात मात्र मागे वळून बोलला, "गुडघ्याला तेल लाव. आणि खाली सोडायला येऊ नकोस. बस तू."

१६ फेब्रुवारी, रविवार. सौमित्र फोटो घेऊन गेला. चित्र इथेच आहे. स्वयंपाक दोघांचा केला होता. आमटी उरली, उद्या सकाळी पुरेल.