घोंगड्यावर बसून दिलेली वाट

भानूदादा गेल्याचं मला कळलं तेव्हा मी कळंबला रस्त्याच्या कडेला मंचरच्या जीपची वाट बघत उभी होते. त्याच्या मुलाचा, संदीपचा फोन आला. "आत्या, तू ये," एवढंच तो म्हणाला. काय झालं हे मी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. बेल्ह्याजवळच्या आमच्या गावी पोचले तोवर पडवीत माणसं जमली होती. दादाला खाली घेतलं होतं, आणि त्याच्याखाली आमच्या वडिलांचं काळं घोंगडं अंथरलं होतं. ते बघून मी दारातच थांबले. रडू यायच्या आधी मनात आलं, अरे, ह्याला घोंगड्यावर का ठेवलंय... हा तर घोंगड्यावर बसत नाही. ते तोंडातून बाहेर पडलं नाही हे बरं झालं, नाहीतर लोक म्हणाले असते, बाईंच्या डोक्यावर परिणाम झाला. आता महिना उलटून गेला आहे. तेव्हा बोलता आलं नाही ते लिहून बघते.

आमचं घर मेंढरांचं. वडिलांनी पायाने जेवढा मुलूख पाहिला तेवढा मी निवृत्त शिक्षिका असून नकाशावरसुद्धा पाहिला नाही. पुढे मेंढरं विकून त्यांनी विहीर पाडली, कांदा लावला, पण सवयी मेंढक्याच्याच राहिल्या. आमच्याकडे घोंगड्यावर बसून बोललेलं मागे घेत नाहीत. सोयरीक, वाटणी, भावकीतलं भांडण, सगळं तिथेच मिटायचं. म्हणून ज्या गोष्टीची खात्री नाही ती वडील उभ्याने बोलायचे. मी सहलीला पैसे मागितले की ते पटकन उठून उभे राहायचे आणि म्हणायचे, "बघू." ते उठले की आम्ही दोघं भावंडं समजायचो, सहल गेली. दादा हसायचा आणि पाठ्यपुस्तक उघडायचा. अभ्यासात तो एवढा पुढे की मास्तर त्याच्या नावाने मला मारायचे.

तो इंजिनिअर झाला, आधी रस्ते, मग पूल, आणि शेवटी एका मोठ्या शहराच्या जुन्या विमानतळाच्या विस्ताराचं काम त्याच्या हाताखाली आलं. कोणतं शहर ते लिहीत नाही, त्याच्याबरोबरची माणसं अजून नोकरीत आहेत. नवी टर्मिनल इमारत, धावपट्टी लांबवायची, विमानं उभी करायची जागा दुप्पट करायची, आणि हे सगळं रोजची विमानं चालू ठेवून. "चालत्या बैलगाडीचं चाक बदलायचंय बघ," असं तो मला सांगायचा. गावात मात्र त्याचं नाव 'इमानवाला' पडलं. बेल्ह्याच्या बाजारात बैलांचे व्यापारी त्याला अडवून विचारत, "राव, आपल्या बेल्ह्याला कवा उतरायचं इमान?" तो गंभीरपणे सांगायचा, "बैलबाजार हलवायला तयार हाय का? मग उद्याच मोजणी करतो." एवढ्या मोठ्या कामाचा प्रमुख, पण गावी आला की चहा बशीत ओतून प्यायचा आणि फुर्रकन आवाज करायचा. वहिनी होत्या तोवर त्यांनी खूप डोळे वटारले. काही उपयोग झाला नाही.

काम जोरात होतं त्या सुमारास त्याने आईला आणि मला तिकडे नेलं. पांढरं हेल्मेट घातलेली आमची आई आठवली की मला अजून हसू येतं, पदर हेल्मेटच्या आत घ्यायचा की बाहेर, हेच तिचं ठरत नव्हतं. दादाने जीपमधून सगळं दाखवलं. आभाळाएवढे खांब, काचेच्या भिंतींचे सांगाडे, आणि लांबवर, धावपट्टीच्या नव्या टोकाला, कुंपणाच्या भिंतीसाठी खणलेला चर. त्या चराशी मेंढरं थांबली होती. पलीकडे तळं होतं, चराई होती, आणि कळप अलीकडे अडकला होता. एक म्हातारा मेंढका पुढे आला. आईच्या हातावरचं गोंदण बघितलं, आईने त्याच्या काठीकडे बघितलं, आणि गाव-गोत विचारायच्या आतच ओळख पटली. म्हाताऱ्याने खांद्यावरचं घोंगडं काढून जमिनीवर पसरलं. "बसा माय. बसा साहेब, दमल्यावानी दिसता." दादा खरंच दमलेला होता. पहाटेपासून उभा होता. तो बसला.

म्हातारा म्हणाला, "साहेब, ही भित उभी ऱ्हायली म्हंजी आमी मेंढरं घालायची कुठनं?"

दादा म्हणाला, "काळजी करू नका बाबा. भिंतीखालून वाट काढून देतो तुम्हाला. मेंढरांपुरती."

परतताना जीपमध्ये आईने हेल्मेट काढून मांडीवर घेतलं. मग म्हणाली, "भानू, बसून बोललास रं."

"व्हय. नकाशात हाय ती वाट, आई. काय अवघड न्हाई."

"नकाशा तुजा हाय का?"

दादा हसला. मीही हसले. नकाशा त्याचा नव्हता, पण त्या दिवशी तसं वाटत होतं खरं. ती भुयारी वाट त्यानेच आग्रहाने आराखड्यात घेतली होती. पुढच्या बदलात ती काढून टाकली गेली. धावपट्टीच्या टोकाशी कुंपणाखालून कसलीच वाट नको, सुरक्षेचा प्रश्न आहे, असं वरून आलं. दादाने दुसरी जागा सुचवली, मग तिसरी. बैठकांमध्ये त्याची थट्टा व्हायला लागली, 'साहेबांची मेंढरं' हा तिथला विनोद झाला. त्याने तेव्हाच राजीनामा द्यायला हवा होता, असं आमचे काही नातेवाईक आता म्हणतात. देऊन काय झालं असतं? दुसरा कोणीतरी आला असता आणि तीच भिंत बांधून, मेंढरांचं नावही न ऐकता निघून गेला असता. दादाने भिंत बांधली. वेळेत बांधली. उद्घाटनाचे फोटो आले त्यात तो मागच्या रांगेत, कोणाच्या तरी फेट्याआड अर्धा दिसतो.

भिंत झाल्यावर कळपाला तळ्याकडे जायला बाह्यवळण रस्त्यानेच जावं लागायचं. पहिल्याच वर्षी तिथे एक ट्रक मेंढरांत घुसला. मागून चालणारा म्हाताऱ्याचा एकुलता मुलगा महादू जागच्या जागी गेला. दादा त्यांच्या पालावर गेला तेव्हा म्हाताऱ्याने शिवी दिली नाही की दोष दिला नाही. तेच घोंगडं पसरलं आणि म्हणाला, "बसा साहेब." दादा उभाच राहिला. "बसवत न्हाई बाबा," म्हणाला. हे त्याने मला एकदाच सांगितलं, पडवीत, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून. तेव्हापासून ती खुर्ची त्याची झाली. आईच्या दहाव्याला सगळी भावकी घोंगड्यांवर बसली आणि हा मधोमध खुर्चीवर. लोक म्हणाले, साहेब झालाय.

निवृत्त होऊन तो गावी राहायला आला. त्याने काही केलं नाही असं मात्र नाही. दरवर्षी दिवाळी झाली की कळप त्या रस्त्यावर यायची वेळ म्हातारा फोनवर सांगायचा आणि दादा एसटीने तिकडे जायचा. अंगात साइटवरचं हिरवं चमकणारं जॅकेट, हातात लाल झेंडा. बाह्यवळणावर उभा राहून तो ट्रक थांबवायचा आणि मेंढरं पार करून द्यायचा. डोक्यावरून त्यानेच लांबवलेल्या धावपट्टीवर विमानं उतरत असायची आणि खाली हा ड्रायव्हरांच्या शिव्या खात असायचा. "एका सरदारजीनं मला झेंडेवाला समजून धा रुपये दिले," असं सांगून तो एकदा पोट धरून हसला होता. मी म्हणायचे, "दादा, गुडघे गेलेत तुझे, बास कर आता." तो म्हणायचा, "वाट न्हाई तर न्हाई, निदान मी तरी उभा ऱ्हातो." मागच्या वर्षी तिकडून आला तेव्हा फार थकलेला होता. मी विचारलं, "पार झाली का मेंढरं?" "झाली. नीट झाली," म्हणाला आणि न जेवताच आडवा झाला.

या वर्षी त्याच्या छातीत पाणी झालं. शेवटचं भेटले तेव्हा तो त्याच खुर्चीवर होता, पायावर शाल. समोर खुंटीला जॅकेट टांगलेलं आणि त्याच्या खिशात गुंडाळलेला झेंडा. मी म्हटलं, "त्या मेंढक्या बाबांना फोन करून सांगू का, औंदा दुसऱ्या कुणाला तरी उभं करा म्हणून?" तो एकदम म्हणाला, "नको. तू करू नको फोन. मी सांगितलंय." मग बराच वेळ खुंटीकडे बघत राहिला... मला वाटलं, दुखतंय.

दहावा झाल्यावर मी म्हाताऱ्याला फोन केला. दादा गेल्याचं सांगायला हवं होतं. मी कोण ते सांगितलं, बातमी सांगितली. मग तो म्हणाला, "बाई, मेंढरं तर आमी मागल्या साली इकली. पोरगं न्हाई, आता माजंबी पाय चालंनात, राखायला कोन हाय? साहेबांना फोनवर सांगितलं व्हतं तसं. तरी आलं. झेंडा घिऊन रस्त्यावर उभं ऱ्हायलं. मी म्हनलं, साहेब, जावा घरी. तर म्हनलं, थांबतो बाबा, कुनाची तरी येतील."

मी विचारलं, "मग आली का कोणाची?"

"न्हाई बाई. त्या वाटंनं आता कुनीच येत न्हाई."

म्हणजे मागच्या वर्षी तो रिकाम्या रस्त्यावर झेंडा धरून उभा होता, आणि मला येऊन सांगितलं, नीट पार झाली. त्याच्यावर रागावले मी. खूप रागावले. आणि रागावून करायचं काय, तेही कळेना.

परवा पडवी सारवायला काढली. संदीप जॅकेट हातात घेऊन म्हणाला, "आत्या, कुणाला देऊन टाकू का हे? अंधारात मोटरसायकलवर बरं पडतं." मी म्हटलं, राहू दे खुंटीला. घोंगडं वडिलांचं म्हणून आम्ही दादाबरोबर दिलं नव्हतं, ओढ्यावर धुऊन आणलं होतं. संदीप पाणी आणायला गेला तेव्हा मी ते झटकून जमिनीवर पसरलं. मला त्यावर बसून एवढंच म्हणायचं होतं, दादा, तुझा शब्द फिटला. बसायला वाकलेही. मग तशीच सरळ झाले, आणि ते उभ्यानेच म्हटलं.