डाव्या हातावरचं तीर्थ

दमयंतीबाईंनी अर्ध्या शिरगावाला शाळेत चित्रकला शिकवली आणि उरलेल्या अर्ध्याला नुसतं रागावलं. त्यामुळे मुंबईच्या प्रदर्शनातून त्या आपल्या देवळाचं जुनं चित्र घेऊन आल्या, तेव्हा देवस्थान मंडळ ते डोक्यावर घेऊन नाचलं. इंग्रजांच्या काळात कुणा गोऱ्या साहेबाने काढलेलं, मग तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेलं. देऊळ तेच, पायऱ्या त्याच. डाव्या अंगाला मात्र एक दगडी दीपमाळ, जी आज कुठेच नाही.

"बाई, तुमीच पुरावा दिलात," अध्यक्ष प्रताप म्हणाला. तो त्यांचाच विद्यार्थी. "पाया खाली असणारच. खणू, आनि तितंच नवी बांदू."

देवळाच्या दोन्ही अंगांच्या चिकूच्या वाड्या देवस्थानच्या जमिनीवर. डावी नर्मदेची, उजवी बाईंची.

नर्मदा बाईंच्या दारात आली. "माजं घर त्या झाडांवर चालतं. तुमचा शब्द ते मोडनार नाय. एकदा सांगा ना."

"चित्रात आहे ते आहे, नर्मदा."

बाईंचा हा ताठा गावात कुणालाच कधी आवडला नाही.

सकाळी जेसीबी आला. नर्मदा पहिल्या झाडाला पाठ लावून बसली. दोघी-तिघी तिला उठवायला लागल्या. बाईंना ते बघवेना, म्हणून त्या सभामंडपात टांगलेल्या चित्रासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

चित्रातला पुजारी डाव्या हाताने तीर्थ देत होता. घेणारी बाईही डावाच तळवा पुढे करून उभी. साहेबाला काय कळतंय, असं म्हणून त्या सोडून देणार होत्या. तेवढ्यात पुजाऱ्याचं जानवं दिसलं. तेही उजव्या खांद्यावर, श्राद्धाला घेतात तसं.

बाईंना शाळेतले ठसे आठवले. वर्गात बटाट्यावर नाव कोरून ठसे काढताना पोरांची अक्षरं उलटी उमटायची आणि त्या पोरांना झापायच्या. पत्र्यावर कोरणाऱ्यानेही तेच केलं होतं: चित्र दिसलं तसं सरळ कोरलं, आणि छापताना डावं-उजवं उलटलं.

त्यांनी फोनवर चित्राचा फोटो घेतला आणि आरशात दिसतो तसा उलटा केला. तीर्थ उजव्या हातात आलं, जानवं डाव्या खांद्यावर गेलं. आणि दीपमाळ गेली उजवीकडे, थेट त्यांच्या वाडीत. बाईंच्या यजमानांनी जाण्याआधी लावलेल्या कलमांच्या मधोमध.

बाहेर मशीन गुरगुरलं. नर्मदा ओरडली. हे अजून कुणालाच माहीत नव्हतं. चित्र शंभर वर्षं तिथे टांगलेलं राहिलं असतं तरी कुणी हात बघितले नसते. बाईंनी फोन बंद केला. पुन्हा चालू केला.

"प्रताप, थांबव ते!"

वर्गातला आवाज होता. प्रताप जागीच थांबला. बाईंनी फोन त्याच्या हातात दिला, चार वाक्यांत सगळं सांगितलं आणि स्वतःच जाऊन आपल्या वाडीचं फाटक उघडलं.

"बाई, नक्की?"

"इकडे आण."

नर्मदा उठली. आभार वगैरे काही मानले नाहीत. घरातून टोपल्या घेऊन आली आणि बाईंच्या वाडीत शिरली.

"आदी फळं उतरवू, बाई. मशीन थांबंल तवर."

बाईंना वर बघवेना. त्या टोपली धरून झाडाखाली उभ्या राहिल्या.