भिंतीत गेलेली टोपी

आबा गेले तो मंगळवार होता. ते केळीच्या बागेतून आले, ओट्यावर बसले आणि त्यांनी पाणी मागितलं. आई पाणी घेऊन आली तेव्हा ते गेले होते.

घरात वडिलांचा एकही फोटो नाही, हे आमच्या लक्षात यायला आणखी काही दिवस गेले. म्हणजे फोटो होते, पण त्यांत आबा नव्हते. आबांचे भाग होते. प्रत्येक लग्नाच्या अल्बममध्ये कुठे एक कोपर, कुठे पाठ, कुठे बुंदीची बादली धरलेला हात. फोटोग्राफर "इकडे बघा" म्हणाला की आबांना नेमकी आचाऱ्याची आठवण व्हायची. सगळे तुकडे जोडले असते तर बहुतेक अख्खे आबा तयार झाले असते. चेहरा तेवढा कमी पडला असता.

आई रडत नव्हती. जेवत होती, बोलत होती, भेटायला आलेल्या बायकांना चहाचं विचारत होती. एकदाच, अल्बम मिटताना म्हणाली, "मले त्याईचा एक फोटो पाहिजे रे सुधाकर. पाह्यले काही तरी नको का?"

शेवटी अक्काच्या, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या, लग्नातला एक सापडला. लग्न फैजपूरला एका शाळेच्या पटांगणात झालं होतं आणि हा व्याहीभेटीचा फोटो होता. आबांच्या शेजारी अक्काचे सासरे, पहूरचे नाना. नानांनी आबांचा खांदा गच्च धरून ठेवला होता. (म्हणूनच आबा त्यात आले होते.) आबांच्या मागे शाळेची नुकती चुना दिलेली भिंत होती, नानांच्या मागे मांडवाचं लाल कापड. दोघांच्या डोक्यावर पांढऱ्या टोप्या.

या टोप्यांबद्दल सांगायला हवं. आबांची टोपी पाटीवर पट्टीनं रेघ ओढावी तशी सरळ असायची. नानांची उजव्या कानावर उतरलेली. पहूरच्या बाजारात नानांना लोक पाठीमागूनही ओळखत ते त्या टोपीवरून. दोघे व्याही भेटले की आबा आधी हात पुढे करून नानांची टोपी सरळ करायचे. मग नाना ती पुन्हा तिरपी करायचे. मग दोघे खाली बसायचे. त्यांचा रामराम तोच होता. "ज्याची टोपी सरळ नाही त्याले मी पोरगी देली," असं आबा नानांच्या तोंडावर म्हणत, आणि नाना "मंग घेऊन जा परत" म्हणत चहा मागवत.

फोटोचं काम माझ्याकडे आलं, कारण मी शिकलेला. मी धुळ्याला कॉलेजच्या ग्रंथालयात होतो. आमच्या कॉलेजात तेव्हा एक कॉम्प्युटर आला होता. तो मी दसऱ्याच्या पूजेत हार घातलेला पाहिला होता. एवढ्या अधिकारावर मी घरी सांगून टाकलं, "जळगावला आता कॉम्प्युटरवर करतात. मागचं सगळं उडवतात आणि माणूस तेवढा ठेवतात." सुतकात घराबाहेर पडू नये असं काहींचं म्हणणं पडलं. पण माणूस तेवढा ठेवतात हे ऐकल्यावर आईनंच पिशवी आणून दिली.

जळगावला सलीमभाईंचा स्टुडिओ होता. वर्षानुवर्षं ते असले फोटो कात्रीनं आणि ब्लेडनं कापून करत आले होते. कॉम्प्युटर त्यांनी नुकताच घेतला होता. त्यावर झालरीचं कापड होतं.

"कॉम्प्युटरवर करायचा की कात्रीनं?" त्यांनी विचारलं.

"कॉम्प्युटरवर," मी म्हणालो. कात्री काय, घरीही होती.

फोटो पडद्यावर आला. सलीमभाईंनी रांगोळी सोडावी तसा माउस चिमटीत धरला. "आता ही कांडी बघा साहेब. मागच्या रंगाला लावली की तो रंग आपोआप धरते. मग आपण उडवायचा." त्यांनी कांडी भिंतीला लावली. पडद्यावर मुंग्यांसारखी बारीक रांग चालू लागली. ती भिंतीवरून फिरली, आबांच्या कानापाशी आली, टोपीवर चढली आणि खाली उतरलीच नाही. सलीमभाईंनी बटण दाबलं.

भिंत गेली. टोपीही गेली. आबांचं कपाळ भुवयांच्या वर दोन बोटं उरलं होतं आणि तिथे आबा संपले होते.

सलीमभाईंनी माउस सोडला.

"टोपी भिंतीत गेली," सलीमभाई म्हणाले.

"परत काढा."

"काढतो. पण मग भिंतही येते."

त्यांनी काढली. भिंत आली. भिंत घालवली, टोपी तिच्यासोबत निघाली. बराच वेळ हे येणं-जाणं चाललं. "चुन्यात नीळ, टोपीलाही नीळ," सलीमभाई म्हणाले. "कॉम्प्युटरला काय माहीत, कुठं भिंत संपते आणि कुठं तुमचे वडील सुरू होतात?" मग त्यांनी हातानं टोपी चितारून पाहिली. आबांच्या डोक्यावर कागदी होडी आली.

"कात्रीनं...?" मी हळूच म्हणालो.

"कात्रीनं एव्हाना झालं असतं. पण तुम्ही कॉम्प्युटर म्हणालात."

मी गावालाही कॉम्प्युटर म्हणालो होतो.

सलीमभाईंचं लक्ष नानांकडे गेलं. "ही टोपी रिकामी आहे ना."

"रिकामी कुठं? त्यात नाना आहेत."

"नानांना आपल्याला काढायचंच आहे. जाताना टोपी ठेवून घेऊ."

नानांच्या मागे लाल कापड. कांडी लागली आणि टोपी सोललेल्या केळ्यासारखी अलगद सुटून आली. ती आबांच्या डोक्यावर ठेवली, बसली. सलीमभाई म्हणाले, "कड बघा साहेब, कड." मी कड पाहिली. फार सुरेख आली होती. मी फक्त कडच पाहिली. (ग्रंथालयात आम्ही एका पुस्तकाचा पुठ्ठा दुसऱ्याला लावत असू. वाचक कधी तक्रार करत नसत.)

आता खांद्यावरचा हात उरला. तो कापला की खांदाही जात होता, कारण हाताखाली काय आहे ते फोटोला ठाऊक नव्हतं. "राहू द्या," सलीमभाई म्हणाले, "तिथं हार येतो." मला हे पटलं. मागे काश्मीर हवं की उगवता सूर्य, असं त्यांनी विचारलं. मी साधा निळा रंग सांगितला, आणि आपण किती अभिरुचीनं काम करून घेतलं या समाधानात यावलच्या बसमध्ये बसलो.

सुतक फिटतं त्या गंधमुक्तीच्या दिवशी फोटो पाटावर मांडला. झेंडूचा जाड हार घातला. लोक येऊ लागले. शेजारचे भिका तात्या फोटोसमोर उभे राहिले आणि मान तिरपी करून म्हणाले, "आबा कुठी निंगाले रे हे?"

तेव्हा मी कड सोडून प्रथमच आबा पाहिले. उजव्या कानावर टोपी. जन्मभर ज्यांनी जत्रेतही बाग सोडून कशाचा विचार केला नाही, ते आबा शीळ घालत जत्रेला निघाल्यासारखे दिसत होते. मी आईकडे पाहिलं. तिनं पदर तोंडाला लावला होता. तिनं एकच गोष्ट मागितली होती, आणि मी तिला वेगळाच माणूस आणून दिला होता.

तेवढ्यात नाना आले.

रिवाजाप्रमाणे सोयरे टोपी-टॉवेल आणतात आणि मुंडण केलेल्या मुलाच्या डोक्यावर टोपी घालतात. नाना माझ्यासाठी नवी टोपी घेऊन आले होते. ती हातात धरूनच ते फोटोसमोर वाकले. उठायला त्यांनी जरा वेळ लावला. मग स्वतःच्या डोक्यावरची टोपी काढून पाहिली आणि पुन्हा घातली.

"सुधाकर, ही टोपी माही हाये."

"नाना, ते कॉम्प्युटरनं केलं."

"कॉम्प्युटरले बठ्ठ्या जिल्ह्यात माहीच टोपी सापडली का? हा हयदीचा डाग पाह्य. लग्नाच्या दिवशी लागेल हाये तो."

अक्का मला खूण करत होती की बोलू नकोस. नाना पुन्हा फोटोकडे वळले. हार एका बाजूला सरकला होता. व्याह्यांचा हार नीट असावा म्हणून त्यांनी तो सारखा केला, आणि खांद्यावर चार बोटं दिसली. एका बोटात अंगठी.

नानांनी आपला हात शेजारी धरला. तीच अंगठी.

"जित्या माणसाचा हात मयताच्या फोटोत," भिका तात्या म्हणाले. "हे काही बरं नाही भो." नाना उठून गेले असते तरी त्यांना कुणी नावं ठेवली नसती.

आईच्या पदरातून आवाज आला. मला वाटलं, आता रडू फुटलं. ती हसत होती. खोकत, पदर चावत, अंग गदगदेपर्यंत हसत होती. "जलमभर याईची टोपी सरळ केली," ती नानांकडे बोट करून म्हणाली, "आन् जाता जाता याईचीच घालून गेले." आणि मग हसता हसता ती रडू लागली, त्या मंगळवारपासून पहिल्यांदाच. अक्का तिच्याजवळ जाऊन बसली.

नाना फोटोपुढे उकिडवे बसले. त्यांनी काचेवर बोट टेकवून टोपी डावीकडे ढकलून पाहिली. (मी ते पाहिलं नाही असं त्यांना वाटलं.) मग त्यांनी चौकटीचा एक कोपरा उचलला आणि त्याखाली नारळाची करवंटी सरकवली. चौकट तिरपी झाली, आबा तिरपे झाले, आणि टोपी सरळ झाली.

"आता आबा दिसतात का विहीणबाई?"

आईनं डोळे पुसून बघितलं. "दिसतात. राहू द्या असाच."

"अन् माहा हात?"

"त्याले कायले काढता. तो नसता तर हे फोटोत थांबले असते का?"

नाना जेवायला बसले. जेवण झाल्यावर त्यांना हातातल्या नव्या टोपीची आठवण झाली. तोवर मी उघड्या डोक्यानंच वाढत होतो. ती त्यांनी माझ्या डोक्यावर घातली. "घे," म्हणाले, "ही तरी तुहीच हाये."

आई आता नाही, नानाही नाहीत. फोटो धुळ्याला माझ्या बैठकीत आहे. तो भिंतीवर तिरपा टांगलेला आहे. येणारा प्रत्येक पाहुणा उठून चौकट सरळ करतो. तो गेला की मी ती पुन्हा तिरपी करतो. कॉम्प्युटरचं माझं ज्ञान एवढ्याच कामाला आलं.