विचारून मगच गाडीत बसणाऱ्या अक्का

माझ्या थोरल्या जाऊबाईंना आम्ही सगळेच अक्का म्हणायचो. त्यांच्याबरोबर दवाखान्यात जायचं म्हणजे मला घाम फुटायचा. डॉक्टरांनी इंजेक्शन भरलं की अक्का हात मागे घ्यायच्या आणि म्हणायच्या, "डॉक्टरसाहेब, ती बाटली दाखवा जरा. तारीख निघून गेली तर न्हाई ना?" डॉक्टर हसून बाटली पुढे करायचे. अक्का पदराने चष्मा पुसून ती नीट वाचायच्या आणि मग निवांतपणे दंड पुढे करायच्या.

त्यांची शेती कुंभार पिंपळगावला. मुलांच्या शिक्षणासाठी अक्का आणि माझे मोठे दीर, म्हणजे दादा, जालन्यात मस्तगडला आले आणि आमच्या शेजारीच राहू लागले. अक्का फार शिकलेल्या नव्हत्या, पण वर्तमानपत्र मात्र निविदा नोटिसांसकट वाचायच्या. आणि प्रश्न विचारायची त्यांना कधी लाज वाटली नाही. "विचारायला काय खर्चा लागतो?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मुलीला, वर्षाला, बघायला मंडळी आली, तेव्हा भर बैठकीत त्यांनी मुलालाच विचारलं, "पोरीला नोकरी करू देणार का? का आज हो म्हणून मंग न्हाई म्हणसाल?" दादांना ठसका लागला. मुलगा मात्र सरळ म्हणाला, "करू देणार." लग्न जमलं. प्रत्येक वेळी असं गोड व्हायचं नाही. एका बारशाला त्यांनी यजमानीणबाईंना विचारलं, "बासुंदीचं दूध आजचंच हाय ना?" त्या बाई पुढे कितीतरी दिवस आमच्याशी धड बोलल्या नाहीत.

दोन हजार साल उलटून गेल्यावर माझ्या यजमानांनी गाडी घेतली. औरंगाबादच्या एका साहेबांनी वापरलेली, पांढरी, पण आमच्या अख्ख्या घराण्यातली पहिली. हार घातला, नारळ फोडला, गल्लीत पेढे वाटले. वर्षा तेव्हा बाळंतपणाला माहेरी आलेली होती. तिला आणि तान्ह्या मुलीला चाळीसगावला सासरी पोहोचवायचं होतं. एसटीने नको, आपल्याच गाडीतून नेऊ, असं ठरलं. वाटेत कन्नडचा घाट उतरायचा होता.

निघायचा दिवस जवळ आला होता. एका सकाळी अक्का पेपर हातात घेऊनच आमच्याकडे आल्या.

"भाऊजी, हे नाव आपल्याच गाडीचं न्हाई का?"

आतल्या पानावर चार ओळींची बातमी होती. त्या मॉडेलच्या काही गाड्या कंपनी परत बोलावत होती. ब्रेकच्या तेलाची नळी तडकण्याचा धोका होता. ती फुकट बदलून मिळणार होती.

यजमान म्हणाले, "वहिनी, ते नव्या गाड्यांचं असेल. आणि आपली त्यात असती तर कंपनीने कळवलं नसतं का?"

"कळवलं असंल. पन कुणाला? तवा गाडी ज्याच्या नावावर होती त्याला."

यजमानांनी त्या साहेबांना फोन लावला. ते बदली होऊन गेले होते. मग नेहमीच्या मिस्त्रीला बोलावलं. त्याने गाडी गल्लीतून फिरवून आणली आणि म्हणाला, "ब्रेक एकदम बराबर आहेत." यजमानांचा चेहरा खुलला. अक्कांचा नाही.

"आज लागतात, ते बराबर. मी उद्याचं विचारून राह्यले."

यजमान चिडले. "एवढ्या हौसेने गाडी घेतली, अन् तुमचा तिच्यावर भरवसाच नाही!"

अक्का शांतपणे म्हणाल्या, "तुमच्यावर हाय, भाऊजी. गाडी मला अजून माहीत न्हाई. अन् तिच्यात माझी लेक बसणार हाय, मांडीवर नात घेऊन."

यजमानांनी गाडीची कागदपत्रं शोधून पिशवीत घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं हळूहळू गाडी चालवत औरंगाबादला कंपनीच्या वर्कशॉपला गेलो. काउंटरवरच्या तरुणाने गाडीचा चॅसिस नंबर घेतला आणि काँप्युटरमध्ये पाहिला. मग मान वर करून म्हणाला, "तुमची गाडी यात आहे. नळी अजून बदललेली नाही."

यजमानांचा चेहरा पांढराफटक पडला. मला तर काल मिस्त्रीने गाडी फिरवली तेव्हा गल्लीत तिच्यामागे धावणारी पोरंच डोळ्यांपुढे दिसली. अक्का मात्र म्हणाल्या, "आता कळलं ना? मंग घाबरायचं कशाला? बदला जल्दी."

दुपारी मेकॅनिक जुनी नळी घेऊन बाहेर आला. त्याने ती बोटांनी वाकवली, तेव्हा केसासारखी बारीक चीर उघडली आणि तिच्यातून तेल पाझरलं. "सपाट रस्त्यावर अजून काही दिवस चालली असती," तो म्हणाला. "घाटात सारखा ब्रेक दाबावा लागतो..." यजमानांनी ती चीर स्वतः बोटाने चाचपली आणि नळी अक्कांच्या हातात दिली.

अक्कांनी नळी उलटसुलट करून पाहिली. "नवी बसवली, ती तपासली का?"

मेकॅनिक हसला. त्याने गाडीत बसून ब्रेक दाबून धरला आणि अक्कांना खाली वाकून पाहायला सांगितलं. एक थेंबही पडला नाही.

"अन् दुसऱ्या कशासाठी हिला बोलावणं हाय का?"

काउंटरवरच्या तरुणाने पुन्हा पाहून सांगितलं, "नाही मावशी, आता काही बाकी नाही."

"बिलकुल न्हाई?"

"बिलकुल नाही."

"मंग झालं," असं म्हणून अक्का गाडीत जाऊन बसल्या. परतताना बदनापूरला चहाला थांबलो, तर यजमान एकाएकी हसायला लागले. मग मीही. पाठीवरचं मोठं ओझं उतरल्यासारखं आम्ही कितीतरी वेळ नुसते हसत होतो. अक्का बशीत चहा ओतत म्हणाल्या, "काय झालं ह्यांना?"

अक्का जाऊन आता बरीच वर्षं झाली. नात्यातले लोक अजून म्हणतात, बाई भारी शंकेखोर होती. मला ते पटत नाही. शंकेखोर माणसाला उत्तर मिळालं तरी त्याची शंका जात नाही. अक्कांना एकदा नीट उत्तर मिळालं की विषय संपायचा. हे मी त्याच आठवड्यात कन्नडच्या घाटात पाहिलं. नळी नवी होती, तरी यजमान स्टिअरिंग घट्ट धरून प्रत्येक वळणाला श्वास रोखत होते. मी दाराची मूठ सोडत नव्हते. वर्षा बाळाला छातीशी धरून देवाचं नाव पुटपुटत होती. आणि अक्का तिच्या शेजारी खिडकीला डोकं टेकून, तोंड अर्धवट उघडं टाकून गाढ झोपल्या होत्या. घाट उतरून गाडी सपाटीला लागली आणि बाळ रडलं, तेव्हा त्या जाग्या झाल्या. बाहेर एकदा पाहिलं आणि हात पुढे करून म्हणाल्या, "आन इकडं तिला. ओली झाली असंल."