निरंक, तेही वेळेत

आमच्या खात्यात एक शब्द आहे, निरंक. बाहेरच्या माणसाला तो सहसा भेटत नाही. वरून पत्र येतं की तुमच्या शाळेत अमुक आहे का, तमुक घडलं का, असल्यास सोबतच्या तक्त्यात भरा. नसेल तर गप्प बसून चालत नाही. नाही हेसुद्धा लिहून कळवावं लागतं, आणि ते या एका शब्दात. गळकं छप्पर निरंक, सर्पदंश निरंक, शाळाबाह्य मुलं निरंक. चोवीस वर्षांच्या नोकरीत हा शब्द मी किती वेळा लिहिला असेल, कोणी विचारू नये.

पूर्वी अशी पत्रं टपालाने यायची आणि यायला आठवडा लागायचा, तो आमच्या सुखाचा आठवडा. आता ती शाळेच्या ई-मेलवर येतात आणि मेल आल्याची दवंडी आमच्या शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पिटली जाते. कधीही. मी भाकरी थापत असते, हात पिठाचे, आणि फोन ओट्यावर थरथरतो. ‘मेल पाहा. सायंकाळी सहापर्यंत उत्तर अपेक्षित. विलंबास मुख्याध्यापक जबाबदार.’ तेव्हा पावणेसहा वाजलेले असतात. मुख्याध्यापक मीच, कारण शाळेत शिक्षक दोन आणि दुसरे माझ्याहून पुष्कळ धाकटे.

उत्तर गेलं नाही की ग्रुपवर यादी लागते. वर ‘अहवाल अप्राप्त’ असं लाल अक्षरांत, खाली शाळांची नावं. त्या यादीत आपली शाळा दिसली की हातातलं काम तिथेच राहतं. पन्नाशी उलटलेली बाई मी, दोन मुलांची लग्नं लावलेली, आणि एका लाल अक्षराला घाबरते. याचा मला मनापासून राग येतो, पण म्हणून घाबरणं थांबत नाही.

माझे वडील दापोलीला एका कचेरीत कारकून होते. कचेरी सुटली की त्यांच्यापुरती ती जगातून नाहीशी व्हायची. घरी कोणी कामाचं विचारायला आलं तर चहा द्यायचे आणि सांगायचे, ‘ती आता उद्या उघडेल, तेव्हा या.’ हे वाक्य एकदा ग्रुपवर टाकून बघावं असं मला कितीदा तरी वाटलं. टाकलं कधीच नाही.

माझी शाळा दाभोळच्या अलीकडे, खाडीकडे उतरणाऱ्या एका वाडीत आहे. चौथीपर्यंतची. त्या वर्षी चौथीत सहा मुलं होती आणि त्यांतली एक मुलगी कानांनी अधू होती. अगदी जवळून, मोठ्याने बोललं तर तिला थोडं ऐकू यायचं. बाकीचं ती माझ्या ओठांवरून ओळखायची. मी फळ्याकडे वळले की तिचा तास थांबायचा, म्हणून मी आधी लिहायचं आणि मग तिच्याकडे तोंड करून बोलायचं असं ठरवून टाकलं होतं. गणितात ती बाकीच्या पाचांना हातोहात हरवायची.

तिचे वडील मुंबईला नोकरीत, आई बंदरावर मासळी निवडायला जायची. आदल्या वर्षी मी त्या दोघींना घेऊन दापोलीला कान तपासून आणले होते. डॉक्टर म्हणाले, दोन्ही कानांना यंत्र बसवा, पोरगी पुष्कळ ऐकेल. यंत्र सरकारकडून मिळणार होतं. वर्षातून एकदा शाळांकडून अशा मुलांची नावं मागवतात, मग शिबिरात मापं घेतात, मग यंत्र येतं. तपासणीचा कागद मी शाळेच्या कपाटात जपून ठेवला होता. पाचवीला ती वरच्या मोठ्या शाळेत जाणार होती. तिथे एका वर्गात चाळीस मुलं, तिच्याकडे तोंड करून कोण बोलणार? त्याआधी तिच्या कानात यंत्र यायला हवं होतं. तिच्या आईला हे पक्कं माहीत होतं आणि मलाही.

एका रविवारी आमच्या गावी, वडिलांना जाऊन वर्ष झालं म्हणून, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. मुंबईहून भाऊ-भावजय आले होते, भावकी जमली होती. प्रतिमांपुढे मेणबत्त्या लावल्या, बौद्धाचार्यांनी वंदना सुरू केली आणि माझ्या मांडीवरची पर्स थरथरायला लागली. एकदा, दोनदा, मग थांबेचना. मी हळूच फोन काढला. दुपारी दोनला मेल आला होता, तेव्हा मी पाहुण्यांना वाढत होते. आता ग्रुपवर यादी लागली होती. तीन शाळा, त्यात माझी तिसरी. खाली लिहिलं होतं, ‘पंधरा मिनिटांत उत्तर न आल्यास वरिष्ठांना कळवण्यात येईल.’

मी मेल उघडला. वर नुसता पत्राचा नंबर, विषय नाही, खाली ‘सोबतच्या तक्त्यात माहिती द्यावी, नसल्यास निरंक कळवावे’. तक्ता उघडेना. आमच्या गावात रेंज खिडकीशी उभं राहिलं तर येते, आणि मी पहिल्या रांगेत, वडिलांच्या फोटोसमोर बसलेले. स्क्रीनवरचं चक्र गोल फिरत राहिलं, फिरत राहिलं. भावाने माझ्याकडे पाहिलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ओठांनी पंचशील चालू होतं आणि अंगठ्याने मी टाइप केलं, निरंक. पाठवलं. मिनिटभरात ग्रुपवर दोन शाळांची नवी यादी आली, माझं नाव त्यातून गेलं होतं.

खरं सांगते, जीव भांड्यात पडला. उरलेली वंदना मी मन लावून म्हटली.

महिन्याभराने शिक्षकांच्या सभेत शेजारच्या गावच्या एक बाई सहज म्हणाल्या, ‘आमच्या शाळेतल्या दोन मुलांना शिबिराला बोलावलंय. कानाची मापं घ्यायला. तुमच्या त्या मुलीचं कधी आहे?’ मी म्हटलं, ‘अजून यादी कुठे मागवलीय?’ ‘मागवली की, गेल्या महिन्यात, त्या रविवारी,’ त्या म्हणाल्या. सभा चालू असतानाच मी मागच्या बाकावर जाऊन फोनवर तो मेल उघडला. आता रेंज भरपूर होती. तक्ता टुणकन उघडला. ‘श्रवणयंत्राची आवश्यकता असलेले विद्यार्थी.’

दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या कार्यालयात गेले. तिथला कारकून भला माणूस होता, उगाच बोलायला नको. त्याने संगणकावर शोधलं आणि म्हणाला, ‘मॅडम, तुमच्या शाळेचं निरंक आहे. तेही वेळेत.’

‘चूक झाली माझी. मुलगी आहे. तपासणीचा कागद आहे माझ्याकडे.’

‘कागद आधी आला असता तर झालं असतं. यादी मंजूर होऊन गेली. आता पुढल्या वर्षी.’ मग मला बरं वाटावं म्हणून असेल, तो म्हणाला, ‘दोन शाळांनी तर काहीच कळवलं नव्हतं. त्यांना शेवटी फोन करून विचारायला लागलं. एका शाळेत निघाला मुलगा, मग घातलं त्याचं नाव.’

म्हणजे मी गप्प बसले असते, लाल अक्षरांत बसले असते, तर त्या पोरीला यंत्र मिळालं असतं. मी अर्ज दिला, त्याची पोच घेतली. साहेबांना भेटले, त्यांनीही पुढल्या वर्षीचंच सांगितलं. शिबिराच्या दिवशी मुलीला घेऊन दारात उभी राहिले. मापं घेणाऱ्यांनी यादी दाखवली, नाव नाही. कोणी वाईट वागलं नाही. भांडायला तरी कोणीतरी पुढे यायला हवं होतं.

तिच्या आईने पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी म्हटलं, ‘नाव आलं नाही हो यादीत.’ जणू नाव आपल्या पायांनी यायचं राहिलं होतं. तीही म्हणाली, ‘आमचाच नशीब, तुमी तरी काय करनार?’ घरी आल्यावर मला जेवण जाईना. खोटं न बोलण्याचं शील मी लहानपणापासून म्हणत आले आहे. आठ दिवसांनी मी बंदरावर गेले. ती टोपलीतली कोळंबी, आमच्याकडची सुंगटं, निवडत बसली होती. मी तिच्याजवळ उकिडवी बसले आणि सगळं सांगितलं. रविवार, वंदना, फोन, तो एक शब्द.

तिचे हात थांबले नाहीत. निवडता निवडताच तिने विचारलं, ‘तुमी नाय म्हनून कळवलात, ता त्येंना लगेच पोचला?’

‘हो.’

‘मग आता हाय म्हनून कळवा ना, बाई. ता पन पोचल लगेच.’

ती मला टोमणा मारत नव्हती, ती खरंच विचारत होती. एसटीची वेळ झाली म्हणून मी उठले.

जूनमध्ये मुलगी वरच्या शाळेत गेली. आता तिचं नाव घालणं माझ्या हातात नव्हतं, तिच्या नव्या वर्गशिक्षकांच्या हातात होतं. तरुण सर, नुकतेच बदलून आलेले. शाळा सुरू झाली त्या आठवड्यात मी त्यांचा नंबर मिळवला आणि एक लांबलचक मेसेज लिहिला. तिला पहिल्या बाकावर बसवा, तिच्याकडे तोंड करून बोला, यादी मागवतील तेव्हा तिचं नाव विसरू नका, माझ्याकडून काय झालं तेही लिहिलं. सोबत तपासणीचा कागद, माझा अर्ज, त्याची पोच, असे तीन फोटो. लिहिता लिहिता संध्याकाळचे सात वाजले. उद्या शाळेच्या वेळात पाठवावं असं मनात आलं, पण मला धीर नव्हता. वर ‘अत्यंत तातडीचे’ लिहिलं आणि पाठवून दिलं.

पुरतं अर्धं मिनिटही झालं नाही. उत्तर आलं, ‘ओके मॅडम, नोंद घेतली’, आणि जोडलेले दोन हात.

एवढा मजकूर अर्ध्या मिनिटात वाचून होत नाही. तीन फोटो तर उघडतही नाहीत. मी तिथल्या तिथे फोन लावला. पलीकडे कुकरची शिटी वाजत होती, लहान मूल रडत होतं. मी म्हटलं, ‘सर, मी आत्ता पाठवलंय ते...’

‘मॅडम,’ ते घाईघाईने म्हणाले, आणि त्यांच्या आवाजातली भीती मला ओळखू आली, ‘लगेच उत्तर दिलंय ना मी.’