खोकला आला की हात खाली

ज्या खोकल्यावर अख्खा क्लब हसायचा, त्याच खोकल्यानं माझा नवरा नेला.

आज वर्ष झालं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. सिंदी मेघेला आमचं हार्डवेअरचं दुकान. मुलगी लग्न होऊन गेली, घरात आम्ही दोघंच. टीव्हीच्या रिमोटवरून भांडण्यापेक्षा काहीतरी करू म्हणून प्रमोदनी, म्हणजे आमच्या ह्यांनी, दोघांचं नाव पिस्तूल शूटिंगच्या क्लबात टाकलं.

माझ्या जावा अजून हसतात. या वयात पिस्तूल? हो बाई, पिस्तूल.

क्लबात मॅचचे बरेच प्रकार. पंचवीस मीटरवर रॅपिड फायर असते. पाच टार्गेट, मोजके सेकंद, धडाधड मारत सुटायचं. ह्यांना ती बघायला फार आवडायची. "हे तुह्या बोलण्यासारखं हाय," म्हणायचे.

स्टँडर्ड पिस्तूलमध्ये आधी निवांत वेळ देतात, मग तो कमी कमी करत नेतात. तिच्या वाटेला आम्ही गेलोच नाही.

आमची आपली दहा मीटर एअर पिस्तूल. छर्रे, कागदी कार्ड, एक हात. त्यातही आमची लाडकी मिक्स्ड टीम. एक बाई, एक माणूस, शेजारशेजारच्या लेनमध्ये, आणि दोघांचे पॉइंट एकत्र.

दहा मीटरमध्ये एक मोठी सोय आहे. नेम जमत नसेल तर मारायलाच पाहिजे असं नाही. हात खाली घ्यायचा, श्वास घ्यायचा, पुन्हा उचलायचा.

मला नेमकं तेच जमायचं नाही. एकदा हात उचलला की मी अडूनच बसायची. थरथरला तरी ट्रिगर दाबणारच. स्वभाव, दुसरं काय.

मॅच चालू असताना बोलायला मनाई. मग ह्यांनी शक्कल काढली. मी जास्त वेळ धरून राहिले की शेजारच्या लेनमधून हळूच खोकायचे. घसा साफ केल्यासारखं.

खोकला आला की मी हात खाली घ्यायची.

रेंज ऑफिसर देवतळे सरांना सगळं कळत होतं. "प्रमोदभाऊ, घसा लयच खराब हाय जी तुमचा," म्हणायचे, आणि सगळे हसायचे. मीपण.

मग खोकला दुकानातही यायला लागला. जेवताना. झोपेत.

मी म्हटलं, डॉक्टरला दाखवा.

"अवं, सिमेंटची धूळ हाय."

रेंजवर आला की, "तुलेच त सिग्नल देऊन राह्यलो."

मी हात खाली घेत राहिले. माझा स्कोअर सुधारत गेला. मिक्स्ड टीममध्ये ब्राँझ मिळालं, तेव्हाच्या फोटोतसुद्धा ह्यांनी तोंडाला रुमाल लावलाय. आम्हाला वाटलं, लाजून राह्यले.

सावंगीच्या मोठ्या दवाखान्यात नेलं तेव्हा उशीर झाला होता. डॉक्टरांनी विचारलं, "इतके दिवस काय करत होता?"

काय सांगणार? मॅच खेळत होतो.

वर्षभर माझ्या हातानं मला छळलंय.

कुठंही कोणी खोकलं की उजवा हात आपोआप खाली जातो. बँकेत सही करताना मागचा माणूस खोकला, पेन खाली घसरलं. भाचीच्या लग्नात अक्षता माझ्याच पायावर पडल्या.

आणि घरात कोणी नसतानाही तो खोकला ऐकू येतो. पोळी उलटताना, अगदी मागून. मी वळून बघते. कोणी नसतं. पोळी जळते. भीती वाटते म्हणू, की आणखी एकदा यावा असं वाटतं म्हणू, माझं मलाच कळत नाही.

क्लबात तर पाऊलच ठेवलं नव्हतं.

आज देवतळे सरांनी ह्यांच्या आठवणीत फ्रेंडली मॅच ठेवली. फोन आला, "वहिनी, शूट करा नाईतर नुसत्या बसा, पण येजा."

गेले. ह्यांची लेन हिंगणीच्या राहुलला दिली होती. शेती करतो, क्लबात नवीन आहे. ह्यांना त्यानं पाहिलेलंही नाही.

"स्टार्ट."

हात उचलला. शेजारून खोकला आला.

हात खाली.

पुन्हा उचलला. पुन्हा खोकला. खोल, छातीतून. तीच लेन, तोच आवाज. वळायची हिंमत होईना. मला वाटलं, आले.

देवतळे सर राहुलजवळ जाऊन हळूच म्हणाले, "जाय बाबू, पाणी पिऊन ये. वहिनीले त्रास होऊन राह्यला."

सगळे माझ्याकडे बघत होते. राहुलकडे कोणीच बघत नव्हतं.

मी सरांना विचारून पिस्तूल रिकामं केलं. नळीत केशरी दोरी घातली. ती घातली की पिस्तूल रिकामं, मॅच संपली.

राहुल बिचारा घाबरला. "सॉरी काकू. माह्यामुळे तुमची मॅच गेली."

"मॅचचं राहू दे. खोकला कधीपासून हाय?"

"काई नाई जी. सोयाबीनची धूळ हाय."

धूळ.

"छातीचा फोटो काढला का?"

"त्यात काय फोटो काढाचा?"

मी त्याच्याच फोनवरून त्याच्या बायकोला फोन लावायला लावला. ती म्हणाली, "काकू, मी सांगून सांगून थकली. माहं ऐकतच नाई."

"माहं ऐकन," मी म्हटलं. "पिस्तूल हाय माह्याजवळ."

उद्या सकाळी आम्ही तिघं सावंगीच्या ओपीडीत जातोय. कदाचित धूळच असेल. धूळच असू दे रे बाप्पा.

अहो, स्कोअर विचारू नका. एकही छर्रा मारला नाही.

आपल्या मिक्स्ड टीमकडून तुम्हाला भरल्या डोळ्यांनी नमस्कार.

आता स्वयंपाकघरात येऊन खोकू नका.

मला ऐकू आलं.